परक्या न्यायालयातील वकील : न्यायमूर्ती थरगुड मार्शल

आपल्या वसतिगृहात शिकून गेलेली काही मुले-मुली आज तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयांत वकिली करीत आहेत. स्मरणिकेसाठी लेख लिहायचे ठरले तेव्हा प्रथम त्यांचीच आठवण झाली. बाबासाहेबांच्या वकिलीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरील खटल्यात पुण्याच्या न्यायालयात त्यांनी आरोपींची बाजू कशी मांडली, हे आपल्या घरांतील जुन्या पिढीला तोंडपाठ असते. म्हणून यंदा मी बाबासाहेबांच्याच काळातील, परंतु दूर अमेरिकेतील एका वकिलाचे चरित्र निवडले आहे. थरगुड मार्शल हे नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती म्हणून सर्वांना ठाऊक असते. शाळांतील वर्णभेद संपविणारा १९५४ चा निकाल त्यांनी मिळविला, हेही पाठ्यपुस्तकांत असते. पण त्याआधीची वीस वर्षे हा माणूस ज्या न्यायालयांत त्याला कोणी बोलावले नव्हते, जिथे त्याची सनद चालत नव्हती, तिथे न्यायाधीशाच्या परवानगीने उभा राहून फाशीच्या दारातील माणसांसाठी लढत होता. त्या वीस वर्षांविषयी मला लिहायचे आहे.

त्यासाठी आधी एक कायदेशीर गोष्ट समजून घ्यावी लागते. अमेरिकेत वकिलीची सनद राज्य देते, देश नव्हे. मेरीलँडचा वकील मेरीलँडमध्येच वकील. टेनेसीच्या किंवा फ्लोरिडाच्या न्यायालयात त्याला आपण होऊन उभे राहता येत नाही. मात्र जुन्या काळापासून एक वहिवाट आहे. परराज्यातील वकिलाने एका विशिष्ट खटल्यापुरती परवानगी मागायची, त्या राज्याची सनद असलेल्या स्थानिक वकिलाने त्याच्या सोबत नाव द्यायचे आणि न्यायाधीशाने मान्य केले तर तो खटला संपेपर्यंत पाहुण्या वकिलाने काम चालवायचे. कायद्याच्या लॅटिन परिभाषेत याला 'प्रो हाक व्हिके' म्हणतात. या एका प्रसंगापुरते, असा त्याचा अर्थ. सामान्य व्यवहारात ही औपचारिक बाब असते आणि अर्ज बहुधा सहज मंजूर होतो. परंतु आरोपी काळा, फिर्यादी गोरा आणि जिल्हा दक्षिणेतील असला की तीच औपचारिकता आरोपीच्या जिवाची होत असे. गावातला वकील गावातल्याच सावकारांवर, जमीनदारांवर आणि बँकवाल्यांवर जगत असतो. त्याने बहिष्कृत माणसाचे वकीलपत्र घेतले तर उद्या त्याच्या दारात दुसरा अशील येत नाही. आपल्या वाचकांना हे अधिक फोडून सांगायला नको.

थरगुड मार्शल यांचा जन्म २ जुलै १९०८ रोजी मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात झाला. आजोबांच्या नावावरून त्यांचे नाव थरोगुड ठेवले होते. एवढे लांब नाव लिहिण्याचा कंटाळा येऊन शाळेतच त्यांनी ते आखूड केले. वडील विल्यम रेल्वेच्या भोजनडब्यात वाढप्याचे काम करीत आणि पुढे गोऱ्यांच्या एका क्लबात कारभारी झाले. आई नॉर्मा शिक्षिका होत्या. वडिलांना न्यायालयातील खटले ऐकण्याचा नाद होता आणि घरी जेवणाच्या टेबलावर मुलांनी केलेले प्रत्येक विधान ते पुराव्यानिशी सिद्ध करायला लावीत. मुलगा खोडकर होता. शाळेत खोडी केली की शिक्षा म्हणून अमेरिकेच्या संविधानाचा भाग पाठ करावा लागे. शाळा सोडेपर्यंत संविधान जवळजवळ मुखोद्गत झाले होते. शिक्षक म्हणून शिक्षा या प्रकारावर माझा विश्वास नाही, परंतु ही शिक्षा फुकट गेली नाही एवढे मान्य करावे लागेल.

पेनसिल्व्हानियातील लिंकन विद्यापीठातून १९३० मध्ये ते पदवीधर झाले. घरापासून थोड्याच अंतरावर मेरीलँड विद्यापीठाचे विधी महाविद्यालय होते, पण तिथे काळ्यांना प्रवेश नव्हता. त्यामुळे रोज आगगाडीने वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी हॉवर्ड विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. शुल्कासाठी आईने लग्नाची आणि वाङ्‌निश्चयाची अंगठी मोडली. आपल्या समाजातील किती मातांनी मुलांच्या शिक्षणासाठी अंगावरचे डाग मोडले आहेत, हे या विद्यालयाच्या कार्यालयात फीच्या दिवशी बसलेल्या माणसाला सांगायला नको.

हॉवर्डमध्ये त्यांना गुरू भेटले ते चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. हार्वर्डमध्ये शिकलेले, पहिल्या महायुद्धात सैन्यात अधिकारी असलेले आणि तिथे गोऱ्या अधिकाऱ्यांकडून अपमान सोसलेले ह्यूस्टन हे कठोर शिस्तीचे गृहस्थ होते. काळ्या समाजाला भाषणे करणारे पुढारी पुष्कळ मिळाले, आता कागदपत्रांत एकही चूक न करणारे वकील हवेत, अशी त्यांची धारणा होती. काळ्या वकिलाच्या अर्जात एक शब्द चुकला तरी ती चूक साऱ्या वंशाच्या नावावर मांडली जाते, हे त्यांना ठाऊक होते. विद्यार्थी त्यांना घाबरत. मार्शल १९३३ मध्ये वर्गात पहिले येऊन बाहेर पडले.

त्यांच्या विद्यार्थिदशेत साऱ्या देशात एका खटल्याची चर्चा होती. मार्च १९३१ मध्ये अलाबामात मालगाडीतून फुकट प्रवास करणाऱ्या नऊ काळ्या मुलांवर दोन गोऱ्या तरुणींनी बलात्काराचा आरोप केला. पंधरा दिवसांच्या आत स्कॉट्सबरो येथे खटला उभा राहिला. मुलांच्या बाजूने शेजारच्या टेनेसी राज्यातून एक वकील आला होता. त्याने आपल्याला अलाबामाची कार्यपद्धती माहीत नाही, तयारीलाही वेळ मिळाला नाही, असे न्यायाधीशासमोर कबूल केले. स्थानिक म्हणून एक वृद्ध वकील त्याच्या शेजारी उभा राहिला आणि खटला तसाच पुढे रेटला गेला. आठ जणांना मृत्युदंड झाला. १९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निकाल रद्द केले आणि प्राणदंडाच्या खटल्यात आरोपीला नावापुरता नव्हे, तर खरोखर उपयोगी पडेल असा वकील मिळाला पाहिजे असे तत्त्व घालून दिले. परराज्यातून वकील येणे पुरेसे नसते; तो तयारीने यावा लागतो आणि त्याला स्थानिक कायदा जाणणारी सोबत लागते, हा धडा हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी तिथूनच घेतला असावा.

मार्शल यांनी बाल्टिमोरमध्ये वकिली सुरू केली तेव्हा मंदीचे दिवस होते. अशील येत, पण पैसे देणारे थोडे. १९३५ मध्ये त्यांनी गुरूंच्या सोबतीने ज्या विद्यापीठाने आपल्याला दार बंद केले होते त्याच मेरीलँड विद्यापीठाविरुद्ध डोनाल्ड मरे या विद्यार्थ्याचा दावा लढविला आणि जिंकला. ह्यूस्टन वॉशिंग्टनचे वकील; मेरीलँडची सनद होती ती मार्शल यांच्याकडे. त्यामुळे या दाव्यात गुरू पाहुणे होते आणि शिष्य स्थानिक. पुढची पंचवीस वर्षे ही भूमिका उलटी राहिली. १९३६ मध्ये ते न्यूयॉर्कला एनएएसीपी या संघटनेच्या कचेरीत रुजू झाले आणि १९३८ मध्ये ह्यूस्टन यांच्या जागी तिचे प्रमुख वकील झाले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या संस्थापकांत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस होते. अस्पृश्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेण्याचा विचार चालू असताना, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून निग्रोंच्या निवेदनाची प्रत मागितली ते हेच डुबॉइस.

न्यूयॉर्कच्या त्या कचेरीत दक्षिणेतून पत्रे येत. अर्धवट अक्षरात, कधी तुरुंगातून, कधी आईने दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. सगळीच प्रकरणे घेणे शक्य नव्हते. संघटनेकडे पैसा थोडा आणि वकील मोजके. आरोपी निर्दोष असल्याची खात्री पटली, वर्णद्वेषामुळे अन्याय झाल्याचे दिसले आणि निकालातून इतरांना उपयोगी पडणारे तत्त्व निघण्याजोगे असले, तरच प्रकरण हाती घेतले जाई. ही निवड निर्दय वाटते आणि ती तशी होतीही. नाकारलेल्या पत्रांमागे माणसे होती. मार्शल यांच्या चरित्रकारांनी त्यांचे विनोदी किस्से भरभरून सांगितले आहेत. पण या नकारांची नोंद कोणत्या किश्शात नसते.

१९४१ च्या जानेवारीत ते ओक्लाहोमातील ह्यूगो या लहान गावी पोहोचले. डब्ल्यू. डी. लायन्स नावाच्या विशीतल्या काळ्या शेतमजुरावर एका गोऱ्या शेतकऱ्याचा, त्याच्या पत्नीचा आणि मुलाचा खून करून घर पेटविल्याचा आरोप होता. गुन्हा १९३९ च्या वर्षअखेरच्या रात्री घडला होता. लायन्सला कोठडीत मारहाण झाली आणि शेवटी मृतांची जळालेली हाडे त्याच्या मांडीवर ठेवून कबुलीजबाब घेण्यात आला. त्याच दिवशी तुरुंगात नेऊन दुसरा कबुलीजबाब घेतला. स्थानिक सनदेचे वकील म्हणून स्टॅन्ली बेल्डन हे गोरे गृहस्थ उभे राहिले, मार्शल पाहुणे. गावात काळ्या माणसासाठी उपाहारगृह नव्हते की हॉटेल नव्हते. काळ्या वस्तीतील कुटुंबांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांच्या सुरक्षिततेची काळजी वाहिली. काळा वकील गोऱ्या पोलिसांची उलटतपासणी घेतो हे पाहायला न्यायालयात इतकी गर्दी झाली की बसायला जागा उरली नाही.

कामाची वाटणी दोघांनी ठरवून केली होती. ज्या पोलिसांनी मारहाण नाकारली त्यांची उलटतपासणी मार्शल यांनी स्वतःकडे घेतली. काळ्या माणसाने नेमके प्रश्न विचारले की हे अधिकारी संतापतात आणि संतापात परस्परविसंगत बोलतात, हा त्यांचा अंदाज खरा ठरला. मारहाण झाल्याची साक्ष गोऱ्या माणसांनीही दिली. त्यांत मृत स्त्रीचे वडीलही होते. ज्याची मुलगी मारली गेली तो बाप आरोपीच्या बाजूने साक्षीला उभा राहिला, ही या खटल्यातील सर्वांत मोठी गोष्ट मला वाटते. ते पुढे एनएएसीपीचे सभासदही झाले.

तरीही सर्व गोऱ्या ज्यूरीने लायन्सला दोषी ठरविले. मात्र सरकार पक्षाने मृत्युदंड मागितला असता जन्मठेप दिली. तिघांच्या निर्घृण खुनाला जन्मठेप, याचा अर्थ ज्यूरीलाही त्याच्या अपराधाची खात्री नव्हती, असे मार्शल यांनी मानले. त्यांनी कचेरीला कळविलेल्या वृत्तान्तात या प्रकरणावर निधी चांगला जमेल असेही नमूद केले होते. काहींना हे खटकते. मला तसे वाटत नाही. चळवळीचा खटला पैशावाचून चालत नाही, हे बहिष्कृत हितकारिणी सभेची किंवा महाडच्या दाव्याची हकीकत वाचलेल्याला ठाऊक आहे. पण लायन्सचे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याचे अपील फेटाळले. पहिला कबुलीजबाब मारून घेतलेला असला तरी दुसरा स्वेच्छेचा होता, असे बहुमताने म्हटले. लायन्सची सुमारे वीस वर्षे तुरुंगात गेली. मार्शल यांच्या हरलेल्या मोजक्या प्रकरणांत हे एक. त्याआधी १९४० मध्ये फ्लोरिडातील चेंबर्स प्रकरणात, रात्रंदिवस चौकशी करून घेतलेले कबुलीजबाब सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले होते, त्या कामात त्यांचा हात होता. ह्यूगोचा पराभव त्यामुळे अधिकच बोचला असेल.

१९४६ मधील टेनेसीतील कोलंबियाची घटना मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातील भांडणावरून तिथे दंगल उसळली. काळ्या वस्तीवर पोलिसांनी हल्ला केला, घरे-दुकाने फोडली आणि शंभराहून अधिक काळ्यांना पकडले. लॉरेन्सबर्ग येथे पंचवीस जणांवर खटला चालला. नॅशव्हिलचे झेड. अलेक्झांडर लूबी आणि चॅटनूगाचे गोरे वकील मॉरिस वीव्हर हे टेनेसीचेच; हॉवर्डचे लिऑन रॅन्सम बाहेरचे. मार्शल त्या उन्हाळ्यात आजारी पडले होते. सर्व गोऱ्या ज्यूरीने पंचवीसपैकी तेवीस जणांना निर्दोष सोडले. अशी गोष्ट त्या भागात कोणी पाहिली नव्हती.

नोव्हेंबरात आणखी दोघांचा खटला कोलंबियात झाला, तेव्हा मार्शल हजर होते. एक सुटला, एकाला शिक्षा झाली. त्या रात्री वकील मोटारीने नॅशव्हिलकडे निघाले असता पोलिसांनी त्यांना अडविले. जिल्ह्यात दारूबंदी होती. गाडीची झडती घेतली, दारू मिळाली नाही. मग मार्शल यांना दारू पिऊन गाडी चालविल्याबद्दल अटक केली, एकट्याला पोलिसांच्या मोटारीत बसविले, सोबत्यांना नॅशव्हिलकडे निघून जायला फर्मावले आणि मोटार गावाऐवजी डक नदीच्या बाजूच्या रस्त्याला वळली. नदीकाठी त्या वेळी लोक जमलेले होते. लूबी यांनी आज्ञा मोडली आणि आपली गाडी मागोमाग नेली. पाठलाग होत असल्याचे पाहून पोलिसांनी शेवटी मोटार गावात आणली. मॅजिस्ट्रेटने मार्शल यांच्या तोंडाचा वास घेतला आणि या माणसाने दारू घेतलेलीच नाही असे सांगून सोडून दिले. स्थानिक वकील सोबत असावा, हा नियम न्यायालयाच्या सोयीसाठी केलेला आहे. त्या रात्री लूबी सोबत होते म्हणून मार्शल यांचे प्राण वाचले.

फ्लोरिडातील ग्रोव्हलंडचे प्रकरण याहून भीषण आहे. जुलै १९४९ मध्ये लेक कौंटीत एका गोऱ्या तरुणीवरील अत्याचाराच्या आरोपावरून चार काळ्या तरुणांची नावे पुढे आली. अर्नेस्ट थॉमस याला पाठलाग करणाऱ्या जमावाने गोळ्या घालून मारले. सोळा वर्षांच्या चार्ल्स ग्रीनलीला जन्मठेप झाली. सॅम्युअल शेफर्ड आणि वॉल्टर अर्व्हिन या दोघा माजी सैनिकांना मृत्युदंड. एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मृत्युदंडाची शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. नोव्हेंबरात शेरीफ विलिस मॅकॉल दोघांना एकाच बेडीत जखडून मोटारीतून नेत असताना त्याने वाटेत दोघांना गोळ्या घातल्या. शेफर्ड जागीच मेला. अर्व्हिन मेल्यासारखा पडून राहिला आणि वाचला. पळून जाण्याचा प्रयत्न केला, असे शेरीफचे म्हणणे. विनाकारण गोळ्या झाडल्या, असे अर्व्हिनने रुग्णालयातील खाटेवरून सांगितले. ते ऐकायला मार्शल न्यूयॉर्कहून आले होते.

फेरखटल्यापूर्वीच्या सुनावणीत सरकार पक्षाने मार्शल आणि त्यांचे तरुण सहकारी जॅक ग्रीनबर्ग यांच्या उपस्थितीलाच हरकत घेतली. ही मंडळी बाहेरची आहेत, त्यांची संघटना लोकांना चिथावते, असा आक्षेप होता. न्यायाधीश ट्रुमन फच यांनी तो मानला आणि दोघांना काम चालविण्यास मज्जाव केला. शेरीफ आरोपीला गोळी घालतो तेव्हा शांतता भंगत नाही, न्यूयॉर्कचा वकील वकीलपत्र घेऊन येतो तेव्हा ती भंगते, हे तर्कशास्त्र आपल्याकडेही अनोळखी नाही. त्याच वर्षीच्या नाताळच्या रात्री या प्रकरणासाठी झटणारे एनएएसीपीचे फ्लोरिडातील नेते हॅरी मूर यांच्या घराखाली बाँबस्फोट करण्यात आला. त्यात ते आणि त्यांच्या पत्नी हॅरिएट दोघेही मृत्युमुखी पडले.

तरीही फेब्रुवारी १९५२ मध्ये ओकाला येथे खटला उभा राहिला तेव्हा अर्व्हिनच्या बाजूला मार्शल होते. स्थानिक वकील म्हणून अ‍ॅलेक्स ॲकरमन आणि पॉल पर्किन्स होते. खटल्याच्या तोंडावर मार्शल यांच्यापुढे एक तडजोड ठेवण्यात आली : अर्व्हिनने गुन्हा कबूल करावा, म्हणजे मृत्युदंडाऐवजी जन्मठेप मिळेल. कोणत्याही वकिलाने येथे क्षणभर थांबावेच. ज्यूरी गोरीच असणार, शिक्षा कोणती होणार हे ठरलेलेच. मार्शल यांनी प्रस्ताव अर्व्हिनपुढे जसाच्या तसा ठेवला. कबुली देणे म्हणजे त्या स्त्रीवर आपण अत्याचार केला असे स्वतः म्हणणे, हे अर्व्हिनच्या लक्षात आले आणि जे केले नाही ते केले म्हणण्यास त्याने नकार दिला. मार्शल यांनी त्याला वळविण्याचा आग्रह धरला नाही. ज्यूरीने त्याला पुन्हा मृत्युदंड दिला. १९५५ मध्ये गव्हर्नर लिरॉय कॉलिन्स यांनी तो कमी करून जन्मठेप केली.

ओकालाचा निकाल लागला त्याच वर्षी, ५ जून १९५२ रोजी, कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना मानद पदवी दिली. त्या वेळी मार्शल यांची कचेरी त्याच न्यूयॉर्क शहरात होती आणि भारताच्या संविधानात अनुच्छेद २२ लागू होऊन दोन वर्षे झाली होती. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकरवी बचाव करण्याचा हक्क या अनुच्छेदाने दिला आहे. पसंतीचा वकील हे शब्द महत्त्वाचे. पुढे १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने आपल्याकडे एकदा सनद घेतलेल्या वकिलाला देशभर वकिली करता यावी अशी तरतूद केली. ते कलम ३० प्रत्यक्षात अमलात यायला मात्र २०११ उजाडले. याच कायद्याच्या कलम ३२ नुसार न्यायालय सनद नसलेल्या व्यक्तीलाही एखाद्या प्रकरणापुरती उभे राहू देऊ शकते. परंतु नागपूरचा वकील तामिळनाडूत उभा राहू शकतो म्हणून प्रश्न सुटला असे नाही. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव वकील संघ करीत आले आहेत आणि २०१० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाला असे ठराव बेकायदेशीर असल्याचे स्पष्ट सांगावे लागले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत पीडितांच्या इच्छेनुसार ज्येष्ठ वकील नेमण्याची सोय आहे, ती का ठेवावी लागली याचे कारणही तेच.

मार्शल यांच्या आयुष्याचा पुढचा भाग सर्वज्ञात आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्यात त्यांनी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवून घेतला. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी बत्तीस प्रकरणे चालविली, त्यांपैकी एकोणतीस जिंकली. या यशानंतर दक्षिणेतील राज्यांनी वकिलांवरच घाव घालायचे ठरविले. व्हर्जिनियाने १९५६ मध्ये कायदे करून एनएएसीपीने अशिलांना वकील पुरविणे हा गुन्हा ठरविण्याचा प्रयत्न केला. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हाणून पाडला. १९५५ मध्ये पत्नी विव्हियन कर्करोगाने वारल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस सेसिलिया सुयात यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९६१ मध्ये ते संघराज्याच्या अपील न्यायालयात न्यायाधीश झाले, १९६५ मध्ये सॉलिसिटर जनरल आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती.

न्यायासनावर बसल्यावर ही जुनी गोष्ट त्यांच्यासमोर पुन्हा दोनदा आली. लुइझियानाच्या प्लॅकमिन्स भागात गॅरी डंकन या एकोणीस वर्षांच्या काळ्या तरुणावर एका गोऱ्या मुलाच्या कोपराला हात लावल्याचा खटला झाला. त्याचे वकील रिचर्ड सोबोल हे वॉशिंग्टनचे. स्थानिक वकिलाच्या सोबतीने ते काम पाहत होते, तरी १९६७ मध्ये सनदेशिवाय वकिली केल्याच्या आरोपावरून त्यांनाच न्यायालयाच्या इमारतीत अटक झाली. संघराज्याच्या न्यायालयाने ही कारवाई छळाची असल्याचे ठरवून थांबविली. डंकनचे प्रकरण १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले गेले आणि गंभीर फौजदारी खटल्यात ज्यूरीचा हक्क सर्व राज्यांवर बंधनकारक झाला. बहुमतात मार्शल होते.

दुसरे प्रकरण १९७९ चे. ओहायोतील सिनसिनाटी येथे एका मासिकाच्या प्रकाशकावर अश्लीलतेचा खटला होता. त्याने न्यूयॉर्कचे दोन वकील निवडले होते. स्थानिक न्यायाधीशाने त्यांना सुनावणीदेखील न देता परवानगी नाकारली. मासिक असे होते की त्याची बाजू घेण्यात कोणालाही प्रतिष्ठा नव्हती. बहुमताने असे ठरविले की परराज्यातील वकिलाला अशी परवानगी मिळण्याचा घटनात्मक हक्क नाही. ती न्यायालयाची मर्जी आहे. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी भिन्नमत लिहिले. अमेरिकेच्या इतिहासातील किती मोठे खटले पाहुण्या वकिलांनी लढविले आहेत याचे स्मरण करून देऊन, किमान कारण तरी सांगितले पाहिजे असे त्यांचे म्हणणे होते. त्या भिन्नमतावर ब्रेनन यांच्यासह मार्शल यांनी सही केली. त्यांनी स्वतः वेगळे काही लिहिले नाही. फ्लोरिडातील मज्जाव, ह्यूगोतील गर्दी, डक नदीकडे वळलेली ती मोटार, हे सारे त्या नऊ जणांत केवळ एकाच्याच अनुभवाचे होते. बहुमताचा तो निर्णय आजही कायम आहे.

प्रकृतीच्या कारणास्तव मार्शल १९९१ मध्ये निवृत्त झाले आणि २४ जानेवारी १९९३ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना पुरले आहे.

वॉल्टर अर्व्हिन १९६८ मध्ये तुरुंगातून सुटला आणि पुढच्याच वर्षी वारला. नोव्हेंबर २०२१ मध्ये लेक कौंटीच्याच न्यायालयाने, सरकार पक्षाच्याच अर्जावरून, चौघांवरील आरोप आणि शिक्षा रद्द केल्या. तेव्हा चौघांपैकी कोणीही हयात नव्हते.